पेरू आणि गव्हाची बिअर : चवचाचणीच्या प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

या प्रकल्पाचे उद्दिष्ट आज लेखी ठरले. पेरू घातलेली अशी गव्हाची बिअर तयार करायची आहे, जिच्यात पेरू निःसंशय ओळखू येईल आणि तरीही ग्लास रिकामा होईपर्यंत ती गव्हाचीच बिअर राहील. फळाच्या नावाने मिळणाऱ्या बिअर चाखताना मला वारंवार जाणवले आहे की, किण्वन (यीस्टने साखर आंबवण्याची क्रिया) संपल्यावर गोड अर्क मिसळून फळाची चव आणली, तर पहिला घोट आवडतो, दुसरा गोड लागतो आणि अर्ध्या ग्लासानंतर हात थांबतो. अशा पेयात गहू, यीस्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुले) यांना काही कामच उरत नाही. हा ब्रूअरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्याच्या, कष्टांचा आणि फळाचाही अनादर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्यात २००९ साली डूलॅली ही मायक्रोब्रूअरी (जागीच बिअर बनवून देणारी छोटी ब्रूअरी) सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत टाकीतून थेट ग्लासात येणारी ताजी, न गाळलेली बिअर पिण्याची सवय शहराला हळूहळू लागली. मुंढव्यातील आमच्या मायक्रोब्रूअरीत पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाला आम्ही बहुधा गव्हाचीच बिअर सुचवतो, कारण तिचा कडवटपणा फार कमी असतो आणि यीस्टचे फळांसारखे गंध नवख्यालाही सहज कळतात. पेरूची बिअर याच ग्राहकापर्यंत जाणार आहे. म्हणून तिची चाचणी काटेकोर असली पाहिजे.

चाखणाऱ्यांचा गट नऊ जणांचा असेल. सर्वांची वयाची व परवान्याची अट पूर्ण झालेली आहे. चाचणी सकाळी अकरा वाजता घ्यायची, कारण बारानंतर शेजारच्या स्वयंपाकघरात फोडण्या सुरू होतात आणि मोहरी-हिंगाच्या वासापुढे कोणतीही बिअर टिकत नाही. त्या सकाळी मिसळ, कॉफी, पान आणि तंबाखू वर्ज्य. अत्तर, सुवासिक तेल आणि गजराही नको. कार्यालयातील देवापुढची उदबत्ती चाचणीनंतर लावण्याचे सर्वांनी मान्य केले. नमुना प्रत्येकी साठ मिलिलिटर, ग्लासावर केवळ तीन आकडी क्रमांक, आणि मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी साधे पाणी व बिनमसाल्याचा पाव. गाडी चालवण्यासाठी कायद्याने रक्तातील अल्कोहोलची मर्यादा शंभर मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम घातली आहे. नमुने लहान असले तरी चाचणीच्या दिवशी कोणीही स्वतःचे वाहन आणायचे नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

फळ घालण्यापूर्वी फळाविना चाखणे, हा या प्रकल्पाचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, असे मी मानते. म्हणून आज तीन वेगवेगळ्या यीस्टवर तयार केलेल्या गव्हाच्या बिअर गटापुढे ठेवल्या.

पहिली बव्हेरियन पद्धतीची हेफेवाइझेन होती. तिच्यात निम्म्याहून अधिक गव्हाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) असते, आणि तिचे यीस्ट आयसोअमाइल अॅसिटेट तयार करते, म्हणून तिला पिकल्या केळ्याचा वास येतो. त्याच यीस्टमुळे माल्टमधील फेरुलिक आम्लापासून चार-व्हिनाइल ग्वायकॉल तयार होते आणि त्याचा वास थेट लवंगेचा असतो. गटातील एका नव्या सदस्याने यात केळ्याचा इसेन्स घातला आहे का, असे विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. न घातलेले फळ यीस्ट कसे निर्माण करते हे एकदा लक्षात आले, की वरून घातलेल्या फळाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्यांना थोडा इतिहासही सांगितला. बव्हेरियाच्या १५१६ च्या शुद्धतेच्या फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यांनाच परवानगी होती. गव्हाची बिअर करण्याचा हक्क अपवाद म्हणून डेगेनबर्ग घराण्याकडे होता, ते घराणे खुंटल्यावर १६०२ मध्ये तो राजघराण्याकडे गेला, आणि १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर यांनी तो मिळवला. फळ घालण्याचा विचार त्या परंपरेत बसत नाही. फळाचा भास होईल तेवढा यीस्टमधूनच घ्यायचा, ही तिची शिस्त आहे.

दुसरी बेल्जियन विटबिअर. हिच्यात न मोडवलेला कच्चा गहू, धणे आणि संत्र्याची साल असते. ही शैली विसाव्या शतकाच्या मध्यात जवळजवळ नामशेष झाली होती; हूखार्डन गावात पियेर सेलिस यांनी १९६६ च्या सुमारास तिला पुन्हा उभे केले. तिसरी बिअर कोणताही विशेष गंध न देणाऱ्या अमेरिकन यीस्टवर होती.

प्रत्येक ग्लासाशेजारी पेरूची ताजी फोड ठेवली आणि एकदा बिअर, एकदा फोड असा क्रमाने वास घेण्यास सांगितले. निष्कर्ष माझ्या अपेक्षेपेक्षा स्पष्ट निघाले. केळ्याच्या गंधात पेरू विरघळून जातो. दोन्ही मिळून कोणत्याच फळाचा नसलेला एक गोडसर वास उरतो. लवंगेजवळ पेरू औषधी वाटू लागतो. अमेरिकन यीस्टवर पेरू सर्वाधिक स्वच्छ कळतो, पण त्याला आधार देणारे खाली काहीच नसते. विटबिअरमधील सौम्य मसालेदारपणा आणि किंचित आंबट शेवट यांच्याशी मात्र पेरू जुळतो. आपल्या घरी पेरूच्या कोशिंबिरीत कोथिंबीर असतेच, हे बारवरील सहकाऱ्याने लगेच निदर्शनास आणले. पुढील सर्व काम विटबिअरच्या यीस्टवर होईल. संत्र्याची साल वगळायची, कारण तिचा तीव्र गंध पेरूच्या पुढे धावतो, धणे ठेवायचे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेले. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा, पेरू सध्या येत आहे, आणि थंडीत पिकलेल्या या पेरूची गोडी व वास पावसाळी पेरूपेक्षा निश्चितच सरस असतात. आम्ही सरदार पेरू निवडला. एल-४९ या नावाने ओळखली जाणारी ही जात १९२७ मध्ये येथेच, गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झाली. पुण्यात घडलेल्या फळाची बिअर पुण्यात व्हावी, याचा मला मनापासून आनंद आहे. निवडीचे कारण मात्र भावनिक नाही. सरदारचा गर पांढरा असतो, त्यामुळे बिअरचा फिकट, धूसर पिवळा रंग तसाच राहतो. गुलाबी गराचा रंग लायकोपीनचा असतो. ते पाण्यात विरघळत नाही आणि शेवटी गाळाबरोबर टाकीच्या तळाशी बसते.

गाळ्यावरच्या आडत्यांनी विचारले, “ताई, खायला पाहिजेत का गराला? गराला असतील तर दोन दिवस क्रेटमध्येच राहू द्या, वास सुटला की मग कापा.” सल्ला नेमका होता. कच्च्या पेरूत गवताचा हिरवा वास आणि तुरटपणा जास्त असतो. फार पिकलेल्याचा वास बंद खोलीत असह्य होतो. साल हिरवट-पिवळी झालेली आणि बोटाने दाबल्यास किंचित दबणारी फळे आम्हाला हवी आहेत.

१८ ते २३ नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानामुळे आणि मतमोजणीमुळे कोरडे दिवस. चाचण्या बंद. पिकलेल्या पेरूचा गर काढून गोठवून ठेवला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज मूळ बिअर बनवायला घेतली. जवाच्या माल्टबरोबर चाळीस टक्के कच्चा गहू, गिरणीतून भरड दळून आणलेला लोकवन. गव्हाचे पिष्ट साधारण ५२ ते ६४ अंश सेल्सियस या तापमानातच फुलते, त्यामुळे तो तांदळाप्रमाणे वेगळा शिजवावा लागत नाही. थेट मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या भरड धान्यात) घालता येतो. अडचण दुसरीच असते. गव्हाला जवासारखे टरफल नसल्यामुळे मॅश चिकट होतो आणि वर्ट (धान्याचा गोड रस) खाली निथळत नाही. भाताचा तूस स्वच्छ धुऊन मिसळला, आणि गाळणी व्यवस्थित चालली.

मॅशचे तापमान ६८ अंश ठेवले. हे जाणीवपूर्वक आहे. त्याहून कमी तापमानावर अधिक साखर यीस्टला खाता येते आणि बिअर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, होते. पेरूच्या बिअरला थोडी भरीव अंगलट हवी, कारण फळाची साखर तर संपणारच आहे. उकळी संपण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत आपले लांबट धणे जेमतेम भरडून, लिटरमागे अर्धा ग्रॅम घातले. हॉप्स नावापुरतेच.

गराबाबत आमच्या मुख्य ब्रूअरबरोबर बराच वेळ चर्चा झाली. गोठवल्याने फळावरचे रानटी यीस्ट आणि जिवाणू मरत नाहीत, केवळ थांबतात. गर तापवला तर ते मरतात, आणि फळ काळे पाडणारे एन्झाइमही निष्क्रिय होते. पण अधिक तापवल्यास ताज्या पेरूचा वास जाऊन पेरूच्या जेलीचा वास येतो. शेवटी ७५ अंशांवर थोडा वेळ तापवून लगेच बर्फात गार करण्याचे ठरले. दोन लहान भांड्यांत करून पाहिले, आणि ताजेपणा बऱ्याच अंशी टिकला. गर गार झाल्यावर पेक्टिन तोडणारे एन्झाइम घातले, कारण पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते तेच पेक्टिन बिअरमध्ये बुळबुळीतपणा आणते. बियांबरोबर गरातील बारीक कठीण कणही दाट जाळीतून काढून टाकले. ते जिभेवर वाळूसारखे लागतात, आणि मऊ फेसाच्या बिअरमध्ये ते कोणीही सहन करणार नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

किण्वन जोरात असतानाच, आज, लिटरमागे ४०, ८० आणि १२० ग्रॅम असे तीन प्रमाणांत गर घातला. चौथे भांडे फळाविना ठेवले.

फळ घातल्याने बिअर अधिक मादक होते का, असा प्रश्न ग्राहक विचारतात, म्हणून हिशेब येथे नोंदवून ठेवते. लिटरमागे ८० ग्रॅम गरात आठ टक्के साखर धरली, तर सुमारे साडेसहा ग्रॅम साखर येते आणि तिच्यापासून चार मिलिलिटरच्या आसपास अल्कोहोल तयार होते. त्याच वेळी गरातील पाण्याने एकूण आकारमानही वाढते. मूळ बिअर पाच टक्क्यांची असेल, तर शेवटचे उत्तर पुन्हा जवळजवळ पाच टक्केच येते.

९ डिसेंबर, सोमवार

पहिली पूर्ण चाचणी. क्रमांकांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा लावला आणि रंगावरून अंदाज येऊ नये म्हणून गडद रंगाचे ग्लास वापरले. प्रथम वास, मग घोट, घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने सोडलेला श्वास, आणि अर्ध्या मिनिटाने उरलेली चव, असे चार टप्पे प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायचे होते. बोलण्यास मनाई होती, कारण एकाने “पेरू” म्हटले की सर्वांना पेरू येतो.

चाळीस ग्रॅमच्या नमुन्यात बिअर गार असताना पेरू जवळजवळ कोणालाच मिळाला नाही. ग्लास हातात धरून थोडा कोमट झाल्यावर तो हलकेच आला. ऐंशीच्या नमुन्यात नाकाजवळ नेताच पेरू, मागे धणे, आणि शेवटी गव्हाचा तो कणकेसारखा गोलसर स्वाद, असा क्रम बहुतेकांनी जवळजवळ सारख्या शब्दांत लिहिला. एकशेवीसच्या नमुन्याबद्दल मते टोकाची होती. वास सर्वांत मोठा, पण घोटाच्या शेवटी सालीचा हिरवा तुरटपणा, आणि फेस लवकर बसणारा. गव्हाच्या प्रथिनांमुळे टिकणारा जाड पांढरा फेस ही या बिअरची ओळख आहे. तो गमावून मिळवलेला पेरू मला नको आहे.

आज एक गोष्ट मनात पक्की झाली, आणि ती पुढच्या प्रत्येक निर्णयात उपयोगी पडेल. पेरू म्हटले की जीभ गोडीची वाट पाहते. यीस्टने साखर संपवलेली असते, त्यामुळे नाक फळ सांगते आणि जीभ ते नाकारते, आणि या विसंगतीला चाखणारे “पाणचट” किंवा “अर्धवट” असे शब्द देतात. ऐंशीच्या नमुन्यावरही चार जणांनी तसा शेरा लिहिला. वरून साखर घालून ही विसंगती मिटवणे सर्वांत सोपे आहे, आणि ज्या गोड बिअरपासून आम्हाला दूर जायचे आहे, तिचा जन्म बहुधा याच क्षणी होतो.

तापमानाचीही नोंद आवश्यक आहे. फ्रीजमधून काढलेल्या चार अंशांच्या बिअरमध्ये केवळ गारवा आणि बुडबुडे कळले. आठ अंशांवर तीच बिअर बोलू लागली.

१२ डिसेंबर, गुरुवार

पेरूचा वास मिळवण्यासाठी पेरूच लागतो, असे नाही. पेरूच्या गंधातील महत्त्वाचा भाग गंधकयुक्त थायॉल संयुगांचा असतो. सिट्रा, मोझॅइक यांसारख्या हॉप्समध्ये याच कुळातील संयुगे सापडतात, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतात. म्हणून फळाविना ठेवलेल्या भांड्यातील बिअर या हॉप्सवर मुरवली आणि ८० ग्रॅम पेरूच्या बिअरसमोर ठेवली.

पद्धत त्रिकोणी चाचणीची होती. तीन ग्लासांपैकी दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचे. निव्वळ अंदाजाने तिघांत एकाचे उत्तर बरोबर येतेच, त्यामुळे नऊ जणांत किमान सहा उत्तरे बरोबर आल्याशिवाय फरक खरा मानता येत नाही. सात आली. त्यानंतर खरा पेरू कशात आहे, असे विचारले, तेव्हा बहुसंख्य सदस्यांनी हॉप्सच्या ग्लासाकडे बोट दाखवले.

हा निकाल मी फार गांभीर्याने घेतला आहे. हॉप्समधला पेरू नाकाला अधिक पेरूसारखा वाटतो. मात्र घोट घेतल्यावर तो मावळतो आणि मागे हॉप्सचा कडवट, राळेसारखा स्वाद राहतो. खऱ्या गराच्या बिअरमध्ये वास कमी, पण फळाचे सौम्य आम्ल आणि गराची दाटी घोटभर टिकते. मुख्य ब्रूअर थोडे हॉप्स घालून दोन्हींचा मेळ घालावा, या मताचे होते. मी तयार नाही. फलकावर “पेरू” लिहायचे असेल, तर तोंडात आलेला पेरू फळातूनच आलेला असावा. शेवटी हॉप्सशिवाय पुढे जाण्याचे ठरले.

१७ डिसेंबर, मंगळवार

तोडगा मिठात सापडला. स्वयंपाकघरातील शेफनी ९ तारखेचे शेरे वाचून सहज विचारले की, पेरू कोणी नुसता खातो का, त्याला तिखट-मीठ लागतेच ना. शाळेसमोरच्या गाडीवर पेरूच्या फोडी खाल्लेल्या कोणाही पुणेकराला हे पटेल. बिअरच्या परंपरेतही याला आधार आहे : गोस्लार गावात उगम पावलेली आणि पुढे लाइपझिगमध्ये रुजलेली गोझे ही गव्हाची आंबट बिअर मीठ आणि धणे घालूनच करतात.

मिठाचे मोजलेले द्रावण ग्लासात थेंबाथेंबाने घालून पाहिले. लिटरमागे एक ग्रॅमवर मीठ खारट म्हणून ओळखू आले. अर्ध्या ग्रॅमवर कोणालाच खारटपणा जाणवला नाही, पण पेरू अधिक पिकलेला आणि बिअर अधिक भरीव वाटली. “पाणचट” हा शेरा एकाही कागदावर आला नाही. साखरेचा कणही न घालता जिभेची तक्रार मिटली. लाल तिखटाचा प्रयोग मात्र मी नाकारला. तिखटाची जळजळ आणि कर्बवायूचा चटका एकत्र आल्यावर धणे, गहू आणि यीस्ट यांतले काहीही वेगळे कळत नाही.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

पाचशे लिटरच्या टाकीत चाळीस किलो गर गेला. तापमान, धणे, मीठ सर्व ठरल्याप्रमाणे.

२० जानेवारी, सोमवार

टाकीतील बिअरची अखेरची चाचणी झाली. पन्नास गुणांच्या पत्रिकेत वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातील स्पर्शाला पाच आणि एकूण परिणामाला दहा गुण असतात. ही विभागणी मला न्याय्य वाटते, कारण दिसण्यावर भाळण्यास ती फारशी जागा देत नाही.

रूप : फिकट पिवळे, दुधट धूसर, फेस पांढरा, दाट आणि ग्लासाच्या कडेला धरून राहणारा. वास : आधी पिकलेला पेरू, त्याच्यामागून धण्याचा लिंबासारखा ताजेपणा, ग्लास हलवल्यावर ओल्या कणकेचा वास. केळे शोधल्यास थोडेसे मिळते, लवंग नाही. चव : सुरुवात फळाची, मधला भाग गव्हाचा, शेवट कोरडा आणि किंचित आंबट. तोंडातील स्पर्श मऊ, बुडबुडे बारीक, तुरटपणा अगदी शेवटी आणि सुखद. दोन सदस्यांना पेरू अजून थोडा हवा आहे. मला तो आहे एवढाच योग्य वाटतो, कारण दुसऱ्या ग्लासाची इच्छा सर्व नऊ जणांनी नोंदवली आहे, आणि ११ नोव्हेंबरला ठरवलेल्या उद्दिष्टाची याहून चांगली परीक्षा मला सुचत नाही.

बारवरील सहकाऱ्यांसाठी सूचना लिहून दिल्या. बिअर सहा ते आठ अंशांवर द्यावी, बर्फात ठेवलेल्या ग्लासात कधीही देऊ नये. ग्लासाला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिल्यास फेस लगेच मरतो, म्हणून धुतलेला ग्लास स्वच्छ पाण्याने पुन्हा विसळावा. लिंबाची किंवा पेरूची फोड ग्लासाच्या कडेला लावू नये. ज्या वासासाठी एवढा खटाटोप केला, तो फोडीमागे झाकला जातो. फलकावर गहू, जव, पेरू, धणे आणि मीठ हे पाचही घटक स्पष्ट लिहावेत, कारण ग्लुटेन न चालणाऱ्या ग्राहकाला ते आधी कळले पाहिजे. बिअर महिनाभरात संपवावी, त्यानंतर ताज्या पेरूचा वास मंदावतो.

पुढच्या बहाराचा पेरू आला, की त्याची साखर आणि आम्लता मोजून गराचे प्रमाण नव्याने ठरवावे लागेल. त्यासाठी या टाकीतील काही बाटल्या शीतपेटीत तुलनेकरिता बाजूला ठेवल्या आहेत, आणि मृग बहाराचा थोडा गर गोठवून त्यावर तारीख घातली आहे.